औषध तेच, कंपनी वेगळी आणि अंगावर पित्त : गोळीतल्या ‘निष्क्रिय’ घटकांविषयी

अंत्रुजकरीण (धागाकर्ती) :

माझ्या सासूबाई रक्तदाबासाठी अम्लोडिपिनची ५ मिलिग्रॅमची गोळी अनेक वर्षे घेत आहेत आणि तिचा त्यांना कधीही त्रास झालेला नाही. मध्यंतरी नेहमीच्या कंपनीची गोळी फोंड्यात मिळेना, म्हणून औषधविक्रेत्याने तेच औषध दुसऱ्या कंपनीचे दिले. जुनी गोळी पांढरी होती, नवी फिकट नारिंगी. ती सुरू केल्यावर काही दिवसांतच त्यांच्या दंडांवर, पोटावर आणि मांड्यांवर लाल गांधी उठू लागल्या. एक गांध बसली की दुसरीकडे नवी उठायची आणि खाजेमुळे रात्रीची झोप उडाली. घरात अर्थातच पहिला संशय जेवणावर गेला, त्यामुळे कोळंबी बंद झाली, बांगडा बंद झाला आणि शेवटी सोलकढीसुद्धा बंद झाली, पण गांधी काही थांबल्या नाहीत.

डॉक्टरांना दाखवले तेव्हा त्यांनी ॲलर्जीची गोळी दिली आणि “रक्तदाबाचे औषध तेच आहे, त्यामुळे ते कारण असण्याची शक्यता कमी” असे सांगितले. माझ्या मनात मात्र तेव्हापासून एक प्रश्न घोळतो आहे. गोळीत औषध फक्त ५ मिलिग्रॅम असेल, तर बाकीच्या गोळीत असते तरी काय आणि त्या बाकीच्याचीच ॲलर्जी असू शकते का? पाकिटावर पाहिले तर तिथे ‘एक्सिपियंट्स क्यू. एस.’ एवढेच छापलेले आहे. या विषयातल्या जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

वेर्णा_शिफ्ट :

मी वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत गोळ्या बनवणाऱ्या विभागात काम करतो, त्यामुळे ‘बाकीचे काय असते’ याचे उत्तर मला देता येईल. वैद्यकीय भाग डॉक्टरांवर सोडतो.

५ मिलिग्रॅम औषध म्हणजे चिमटीतही नीट न येणारी भुकटी. तेवढीच गोळी कोणी केली तर ती बोटात धरता येणार नाही, आणि यंत्राला तासाला लाखांच्या हिशेबात गोळ्या पाडताना प्रत्येकीत तेवढेच औषध टाकणेही जमणार नाही. म्हणून त्यात भरण घालतात. लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोज, मक्याचा स्टार्च आणि डायबेसिक कॅल्शियम फॉस्फेट ही नेहमीची भरणे. अम्लोडिपिनची गोळी साधारण दीड-दोनशे मिलिग्रॅम भरते, म्हणजे तिचा बहुतेक सगळा ऐवज भरणाचा असतो.

भुकटी एकत्र बांधून राहावी म्हणून बाइंडर लागतो. स्टार्च वापरायचा असेल तर तो पाण्यात शिजवून चक्क खळ करतात. ती गरम खळ मोठ्या मिक्सरमधल्या भुकटीवर सोडली की ओलसर दाणे तयार होतात. हातात घेऊन मूठ आवळली की गोळा व्हावा आणि अंगठ्याने दाबला की तुटावा, इतकाच ओलावा हवा. आता यंत्रावरचा आकडा पाहून मिक्सर थांबवतात, पण जुने ऑपरेटर अजूनही मुठीतच खात्री करतात. खळीऐवजी पोव्हिडोनही वापरतात. पोटात गेल्यावर गोळी फुटावी म्हणून क्रॉसकार्मेलोज किंवा सोडियम स्टार्च ग्लायकोलेट घालतात. साच्याला चिकटू नये म्हणून शेवटी मॅग्नेशियम स्टिअरेट घालतात आणि ते मोजकी मिनिटेच ढवळायचे असते. जास्त ढवळले तर दाण्यांवर त्याचा पाणी न लागू देणारा थर बसतो आणि गोळी विरघळायला उशीर करते.

त्यानंतर कोटिंग होते. त्यात हायप्रोमेलोज, पॉलिएथिलीन ग्लायकॉल, पांढरेपणासाठी टायटॅनियम डायऑक्साइड आणि रंगीत गोळी असेल तर सनसेट यलो, टार्ट्राझीन, क्विनोलिन यलो, लाल आयर्न ऑक्साइड असे काही असते. एकाच औषधासाठी दोन कंपन्यांचा नुसखा पूर्ण वेगळा असू शकतो आणि दोन्ही गोळ्या सगळ्या चाचण्यांत पास होतात, कारण चाचण्या औषधाचे प्रमाण, विरघळण्याचा वेग आणि शुद्धता पाहतात. कोणाला कशाचे पित्त उठेल हे त्या पाहू शकत नाहीत.

काउंटरमागून :

मी म्हापशाला औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट आहे आणि ताईंच्या शेवटच्या मुद्द्याविषयी लिहितो. ‘एक्सिपियंट्स’ म्हणजे औषध सोडून गोळीत घातलेले हे निष्क्रिय घटक, ‘क्यू. एस.’ म्हणजे ‘पुरेसे’, आणि दुकानात मिळणाऱ्या बहुतेक पट्ट्यांवर निष्क्रिय घटकांविषयी एवढेच असते. रंगाचे नाव मात्र बहुधा छापलेले असते. ‘कलर : सनसेट यलो एफसीएफ’ अशी ओळ अगदी बारीक अक्षरांत पट्टीच्या मागे शोधा. मलमांवर आणि पातळ औषधांवर प्रिझर्व्हेटिव्हचे नावही बहुतेकदा असते, उदाहरणार्थ क्रीमवर ‘क्लोरोक्रेसॉल, ॲज प्रिझर्व्हेटिव्ह’.

२०२३ च्या १ ऑगस्टपासून ३०० ब्रँडांवर क्यूआर कोड सक्तीचा झाला तेव्हा अनेक गिऱ्हाइकांना वाटले की आता सगळे कळेल. पण त्या नियमात कोडमध्ये मागितलेल्या बाबी म्हणजे औषधाचे नाव, ब्रँड, उत्पादक, बॅच, तारखा आणि परवाना क्रमांक अशा होत्या. निष्क्रिय घटकांची यादी त्यांत नव्हती. याउलट बिस्किटाच्या पुड्यावर गहू, दूध, सोया, शेंगदाणे असल्याचे अन्नसुरक्षेच्या नियमांप्रमाणे ठळक सांगावे लागते. रुपया-दोन रुपयांच्या बिस्किटाला हा नियम आहे, आणि आयुष्यभर रोज घ्यायच्या गोळीच्या पट्टीवर मात्र ‘पुरेसे’ या शब्दावर भागते, हे मला तरी पटत नाही.

दुसरे, पट्टीवर ‘मार्केटेड बाय’ आणि ‘मॅन्युफॅक्चर्ड बाय’ ही दोन नावे वेगळी असतात, ती दोन्ही पाहावीत. ब्रँड तोच राहून बनवणारा कारखाना बदललेला असू शकतो.

तिसरी गोष्ट आम्हा दुकानदारांच्या सवयीची आहे. गिऱ्हाईक चार गोळ्या मागते आणि आम्ही पट्टी कापून देतो. बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख पट्टीच्या एकाच टोकाला छापलेली असते, त्यामुळे ते टोक दुकानात राहते आणि गिऱ्हाइकाच्या हातात नुसता चकचकीत तुकडा जातो. त्रास झाला तर नेमके काय घेतले हे मग कोणालाच सांगता येत नाही. पूर्ण पट्टी घ्या, आणि तेवढ्या गोळ्या लागत नसतील तर निदान त्या टोकाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

त्वचेपासून_सुरुवात :

मी मडगावला त्वचारोगांची प्रॅक्टिस करते. धाग्यावरून कोणाचेही निदान करता येत नाही हे आधीच स्पष्ट करून सर्वसाधारण माहिती देते.

सासूबाईंच्या डॉक्टरांचे म्हणणे चुकीचे नव्हते. निष्क्रिय घटकाची खरी ॲलर्जी असते, पण ती विरळ आहे. अंगावर गांधी उठण्याची इतर कारणे कितीतरी अधिक आढळतात. त्या सुमारास आलेला विषाणूचा ताप, गुडघा दुखला म्हणून मध्येच घेतलेली वेदनाशामक गोळी, किंवा काहीही बाह्य कारण नसताना आठवडेच्या आठवडे चालणारे पित्त, ज्यात शरीराची प्रतिकारयंत्रणाच त्वचेतल्या मास्ट पेशींना चिथावत असते. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली, असे या बाबतीत फार वेळा होते. तसेच अम्लोडिपिनने घोट्यांवर येणारी सूज हा त्या औषधाचा सर्वज्ञात परिणाम आहे. त्याला ॲलर्जी म्हणू नये.

तरीही निष्क्रिय घटकांचा संशय कधी बळावतो? एकाच औषधाची एका कंपनीची गोळी चालते आणि दुसरीची चालत नाही, आणि हे एकदाच नव्हे तर पुन्हा दिसते. किंवा एकमेकांशी रासायनिक नाते नसलेल्या औषधांनी, समजा एक प्रतिजैविक, एक आम्लपित्ताची गोळी आणि एक सांध्यात टोचायचे इंजेक्शन यांनी, एकाच माणसाला तसाच त्रास होतो. अशा वेळी ‘याला सगळ्याच औषधांची ॲलर्जी आहे’ असा शिक्का मारण्याऐवजी त्या सगळ्यांत समान काय आहे हे शोधले पाहिजे.

अमेरिकेत २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तिथल्या तोंडाने घ्यायच्या ४२,००० हून अधिक औषधांची छाननी झाली होती. ९० टक्क्यांहून अधिक औषधांत निदान एक असा घटक सापडला की ज्याने कोणा ना कोणाला ॲलर्जी झाल्याची नोंद आहे, आणि सुमारे ४५ टक्क्यांत लॅक्टोज होते. आकडा घाबरवणारा वाटतो, पण त्याचा अर्थ नीट लावावा. घटक असणे वेगळे आणि त्याचा त्रास होणे वेगळे. कोट्यवधी लोक याच गोळ्या रोज घेतात आणि त्यांना काही होत नाही.

रंगांविषयी एक गोष्ट सांगते. टार्ट्राझीनने ॲस्पिरिन न चालणाऱ्या दमेकऱ्यांना त्रास होतो असे पूर्वी सर्रास मानले जाई आणि अमेरिकेत तसा इशारा औषधाच्या माहितीपत्रकात आजही द्यावा लागतो. नंतर रुग्णाला न सांगता कधी रंग आणि कधी नुसती भुकटी देऊन चाचण्या झाल्या, तेव्हा तो संबंध बहुतेक रुग्णांत टिकला नाही. रंगाने पित्त उठणारे लोक आहेत, पण वाटतात त्यापेक्षा ते कमी आहेत. सासूबाईंची गोळी नारिंगी आहे म्हणून रंगच दोषी असे धरून चालू नका. रंग डोळ्यांना दिसतो म्हणून आळ त्याच्यावर लगेच येतो, आणि पोव्हिडोन कोणाला दिसत नाही.

आग्वादचा_वारा :

मला या चर्चेतून एवढेच दिसते की स्वस्तातली जेनेरिक औषधे घेऊ नयेत. आमच्या वडिलांनाही जनऔषधी केंद्रातली गोळी चालली नव्हती आणि महागडी कंपनी लागली तेव्हाच बरे वाटले.

काउंटरमागून :

साहेब, हा निष्कर्ष मला मान्य नाही. महागड्या ब्रँडच्या गोळीतही लॅक्टोज, रंग आणि पॉलिएथिलीन ग्लायकॉल असते. ज्याला महागड्या ब्रँडमधला रंग चालत नाही त्याला जनऔषधीची पांढरी गोळी नेमकी मानवते, अशीही माणसे माझ्या दुकानात येतात. फरक घटकांचा आहे, किमतीचा नाही. वडिलांना काय झाले होते, पुरळ, पोटदुखी की रक्तदाब आटोक्यात न येणे, हे लिहिलेत तर डॉक्टरांना काही सांगता येईल, कारण या तिन्ही गोष्टी अगदी वेगळ्या आहेत.

आग्वादचा_वारा :

पोटात गुडगुड आणि जुलाब. दूध त्यांना तरुणपणापासून पचत नाही, म्हणून गोळीतले लॅक्टोजच कारण असणार असे मी धरले आहे.

त्वचेपासून_सुरुवात :

दूध न पचणे म्हणजे लॅक्टेज हे विकर कमी असणे. ती ॲलर्जी नाही आणि तिथे प्रमाणाला महत्त्व आहे. एका मोठ्या पेल्यातल्या दुधात सुमारे १२ ग्रॅम लॅक्टोज असते आणि दूध न पचणाऱ्यांपैकी बहुतेकांना तेवढेही एका वेळी सोसते. गोळीत ते शे-दोनशे मिलिग्रॅम, म्हणजे पेल्यातल्या दुधाच्या साठाव्या ते एकशेविसाव्या हिश्शाइतके. दिवसाला पुष्कळ गोळ्या घेणारा एखादा अतिसंवेदनशील माणूस सोडला, तर त्याने जुलाब होणे कठीण. वडिलांना मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू होते का ते पाहा, कारण ते औषध स्वतःच पोट बिघडवते. पातळ औषधांतले सॉर्बिटॉलही जुलाब करू शकते.

साखळीची_शाळा :

डॉक्टर, मग ज्यांना दुधाची खरी ॲलर्जी आहे त्यांचे काय? माझ्या सात वर्षांच्या मुलाला दुधाचा थेंब पोटात गेला तरी ओठ सुजतात आणि उलट्या होतात. त्याला बालदमाही आहे आणि आता रोटाकॅप (श्वासावाटे ओढायच्या भुकटीची कॅप्सूल) सुरू करायचे ठरले आहे. माझ्या बहिणीने कुठेतरी वाचले की त्या कॅप्सूलमध्ये दुधाची साखर असते. हे खरे असेल तर ते औषध द्यावे की नाही?

त्वचेपासून_सुरुवात :

आपला प्रश्न या धाग्यावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

होय, श्वासावाटे ओढायच्या कोरड्या भुकटीत औषध मायक्रोग्रॅममध्ये असते आणि ते वाहून नेणारे लॅक्टोज साधारण २५ मिलिग्रॅम. लॅक्टोज ही साखर आहे आणि साखरेची ॲलर्जी होत नाही. ॲलर्जी होते ती दुधातल्या प्रथिनांची. परंतु औषधी लॅक्टोज गाईच्या दुधापासूनच काढतात आणि शुद्ध केल्यावरही त्यात प्रथिनांचा अंश राहू शकतो. तीव्र दूध-ॲलर्जी असलेल्या मुलांना अशा भुकटीने त्रास झाल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत. त्या मोजक्या आहेत आणि दूध-ॲलर्जीची बहुसंख्य मुले हीच भुकटी विनात्रास घेतात. तरीही आपल्या मुलाची लक्षणे तीव्र आहेत आणि वर त्याला दमा आहे, म्हणून बालरोगतज्ज्ञांना हे मुद्दाम सांगा. तीच औषधे स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून घ्यायच्या दाबाच्या पंपातही मिळतात, आणि त्या पंपांत सहसा लॅक्टोज नसते. पर्याय सोपा असताना धोका पत्करण्याचे कारण नाही. मात्र डॉक्टरांशी बोलेपर्यंत दम्याचे चालू असलेले औषध स्वतःहून बंद करू नका. दम्याचा झटका हा भुकटीतल्या लॅक्टोजपेक्षा कितीतरी मोठा धोका आहे.

आणखी एक गोष्ट, जी दवाखान्यांतही सगळ्यांना ठाऊक नसते. मेथिलप्रेडनिसोलोन हे इंजेक्शन ॲलर्जीच्या तीव्र झटक्यात शिरेतून देतात. त्याच्या काही ४० मिलिग्रॅमच्या कुप्यांत गाईच्या दुधाचे लॅक्टोज असते. ॲलर्जी आटोक्यात आणायला दिलेल्या औषधानेच दूध-ॲलर्जीच्या रुग्णांची प्रकृती अधिक बिघडल्याच्या नोंदी झाल्या, आणि २०१७ मध्ये युरोपच्या औषध नियामकाने अशा कुप्या दूध-ॲलर्जी असलेल्यांना देऊ नयेत असे ठरवले. मुलाच्या फाइलवर पहिल्याच पानावर ‘गाईच्या दुधाची तीव्र ॲलर्जी’ असे लिहून ठेवा, आणि गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) किंवा अन्यत्र तातडीने न्यावे लागले तर इंजेक्शन देण्यापूर्वी ते तोंडानेही सांगा.

पोई_बंद :

मला सीलिॲक (गव्हातले ग्लुटेन न चालण्याचा आजार) आहे, त्यामुळे पोई, पाव, चपाती सगळेच बंद आहे. गोळीतल्या स्टार्चची भीती कितपत बाळगावी?

वेर्णा_शिफ्ट :

माझ्या पाहण्यात गोळ्यांत मक्याचा स्टार्च येतो, आणि सोडियम स्टार्च ग्लायकोलेट बटाट्यापासून किंवा मक्यापासून केलेले असते. औषधासाठी गव्हाचा स्टार्च वापरायला कायद्याने आडकाठी नाही, म्हणून ‘कधीच नसतो’ असे मी म्हणणार नाही. रोजच्या गोळ्यांपुरते कंपनीला विचारून घ्या.

डिचोलीहून :

माझ्या काकांना कोलोनोस्कोपीच्या आदल्या दिवशी पोट साफ करण्याची भुकटी पाण्यातून दिली होती. पहिला पेला संपायच्या आत तळहातांना खाज सुटली, चेहरा लाल झाला आणि श्वास लागला. इस्पितळातच होते म्हणून निभावले. पुढे बऱ्याच महिन्यांनी खांद्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन घेतले तेव्हा तसेच झाले, आणि आता त्यांच्या कार्डावर ‘स्टिरॉइडची ॲलर्जी’ असे लिहिले आहे. वर पॉलिएथिलीन ग्लायकॉलचा उल्लेख वाचला आणि त्या भुकटीच्या पाकिटावर तेच नाव पाहिल्याचे आठवले.

त्वचेपासून_सुरुवात :

आपण जे लिहिले आहे ते वाचून मी खुर्चीत ताठ बसले. पॉलिएथिलीन ग्लायकॉल, म्हणजेच मॅक्रोगॉल, हे त्या भुकटीत शंभर ग्रॅमहूनही अधिक असू शकते, आणि गोळीच्या कोटिंगमध्ये ते नाममात्र असते. सांध्यात टोचायच्या काही दीर्घकाळ टिकणाऱ्या स्टिरॉइड इंजेक्शनांतही ते असते, विशेषतः मेथिलप्रेडनिसोलोन ॲसिटेटमध्ये. दोन प्रसंगांतला समान धागा स्टिरॉइड नसून हा असण्याची दाट शक्यता आहे. कार्डावरचा शिक्का मात्र स्टिरॉइडवर बसला. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यावी तसे हे झाले, आणि यात दुहेरी नुकसान आहे. उद्या गरज पडली तर काकांना उपयोगी स्टिरॉइड कोणी देणार नाही, आणि मॅक्रोगॉल असलेले दुसरे काही मात्र सहज दिले जाईल.

या ॲलर्जीचे रुग्ण थोडे आहेत, पण त्यांचे निदान होईपर्यंत अनेक झटके येऊन गेलेले असतात, कारण हा घटक सगळीकडे असतो आणि त्याच्यावर कोणाचा संशय जात नाही. रेणूचे वजन जितके मोठे आणि मात्रा जितकी जास्त तितका धोका अधिक, म्हणूनच कोटिंगची गोळी चालते आणि पोट साफ करायची भुकटी जिवावर येते, असे चित्र दिसते. रासायनिक साम्यामुळे काहींना पॉलिसॉर्बेट ८० हा दुसरा निष्क्रिय घटकही चालत नाही. कोविडच्या काळात फायझर आणि मॉडर्नाच्या लशींत मॅक्रोगॉलचा अंश होता म्हणून हा विषय जगभर चर्चेत आला. आपल्याकडच्या कोविशील्डमध्ये ते नव्हते, पॉलिसॉर्बेट ८० होते.

काकांना ॲलर्जीच्या तज्ज्ञांकडे न्या. त्वचेवर टोचून करायची चाचणी अगदी पातळ द्रावणापासून पायरीपायरीने करावी लागते, आणि या घटकाच्या बाबतीत नुसत्या चाचणीनेही झटका आल्याची उदाहरणे आहेत. ती इस्पितळातच व्हायला हवी. घरी ‘थोडेसे घेऊन पाहू’ असा प्रयोग कोणीही करू नये. जीभ किंवा घसा सुजणे, श्वास लागणे, भोवळ येणे, अंगभर गांधींसोबत उलट्या होणे यांपैकी काही दिसले तर १०८ ला फोन करावा. त्या वेळचे पहिले औषध म्हणजे मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत दिलेले ॲड्रिनलिन. त्याच्या कुपीत मेटाबायसल्फाइट (औषध टिकवण्यासाठी घालायचे एक सल्फाइट) असते हे वाचून घाबरणारेही भेटतात, पण सल्फाइट न चालणाऱ्यालाही तशा वेळी ॲड्रिनलिन नाकारायचे नसते.

आग्वादचा_वारा :

सल्फाइट म्हणजे सल्फाच ना? मला सल्फाची गोळी चालत नाही आणि पोर्ट वाइनच्या बाटलीवरही सल्फाइट लिहिलेले असते.

काउंटरमागून :

नाही. सल्फा हा प्रतिजैविकांचा एक गट आहे, सल्फाइट हे टिकवण्यासाठी घालायचे क्षार आहेत आणि सल्फेट, जसे साल्बुटामॉल सल्फेट, हे तिसरेच. एकाची ॲलर्जी म्हणून दुसऱ्याची होत नाही. वाइनमधल्या सल्फाइटचा त्रास प्रामुख्याने दमेकऱ्यांना होतो.

पणजी_पूर्व :

विषय निघालाच आहे तर १९८६ चे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाचे प्रकरण आठवले. औषधी म्हणून आलेल्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल निघाले होते, चौदा रुग्ण दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोग बसला. निष्क्रिय घटक किती जीवघेणे ठरतात त्याचे हे उदाहरण आहे.

वेर्णा_शिफ्ट :

ते उदाहरण निष्काळजीपणाचे आणि विषबाधेचे आहे, ॲलर्जीचे नाही. ते द्रव्य पोटात गेलेल्या कोणाचेही मूत्रपिंड निकामी करते. इथे आपण शुद्ध, नियमात बसणाऱ्या, लाखांना चालणाऱ्या आणि एखाद्यालाच न चालणाऱ्या घटकांविषयी बोलत आहोत. दोन्ही एकत्र केले तर लोक विनाकारण गोळ्या टाकून देतील.

पणजी_पूर्व :

मान्य. मग एक विषयाला धरून विचारतो. सीटी स्कॅनच्या वेळी कोळंबीची ॲलर्जी आहे का असे विचारतात, ते कशासाठी?

त्वचेपासून_सुरुवात :

जुन्या समजुतीमुळे. स्कॅनच्या वेळी शिरेतून देतात त्या औषधात आयोडीन असते, आणि कोळंबीची ॲलर्जी आयोडीनचीच असे पूर्वी मानत. कोळंबीची ॲलर्जी तिच्या मांसातल्या ट्रोपोमायोसिन या प्रथिनाची असते, आयोडीनची नव्हे. कोळंबी चालत नाही म्हणून स्कॅनचे औषध चालणार नाही असे नसते. पूर्वी त्या औषधानेच त्रास झाला असेल तर मात्र जरूर सांगावे. आणि जखमेवर पोव्हिडोन-आयोडीन लावून कोणाला तीव्र ॲलर्जी झालीच, तर तिथेही दोष आयोडीनपेक्षा पोव्हिडोनचा निघू शकतो, जे गोळ्यांतही असते.

अंत्रुजकरीण (धागाकर्ती) :

सर्वांचे मनापासून आभार. मधल्या काळात जे घडले ते लिहिते.

काउंटरमागून यांनी सांगितल्याप्रमाणे पट्टी शोधली. सुदैवाने पूर्ण होती. दोन्ही कंपन्यांच्या पत्त्यांवर ब्रँड, बॅच क्रमांक आणि त्रासाचे वर्णन लिहून ईमेल केला आणि घटकांची यादी मागितली. एका कंपनीने ‘ही माहिती व्यावसायिक गुपित आहे’ असे कळवले. मग आमच्या डॉक्टरांनी स्वतःच्या लेटरहेडवर पत्र लिहिले, तेव्हा प्रमाण न सांगता नुसती नावे मिळाली. जुन्या गोळीत सेल्युलोज, कॅल्शियम फॉस्फेट, सोडियम स्टार्च ग्लायकोलेट आणि मॅग्नेशियम स्टिअरेट आहे. नव्या गोळीत या यादीबाहेरचे तीन घटक निघाले : लॅक्टोज, पोव्हिडोन आणि सनसेट यलो.

सासूबाई रोज दूध घालून चहा पितात, त्यामुळे लॅक्टोजचा प्रश्न मिटला. उरलेल्या दोहोंपैकी कोण, किंवा दोन्ही निर्दोष आणि पित्त आपल्या वेळेने आले आणि गेले, हे डॉक्टरांना ठामपणे सांगता येत नाही. जुनी पांढरी गोळी मडगावहून मागवली आहे आणि त्या गोळीवर गांधी उठलेल्या नाहीत. खात्रीसाठी नारिंगी गोळी पुन्हा देऊन पाहणे या वयात त्यांना योग्य वाटत नाही आणि आम्हालाही नाही. आता त्यांच्या वहीत नेमके काय लिहावे आणि ही माहिती कोणाला कळवावी का?

काउंटरमागून :

‘अम्लोडिपिनची ॲलर्जी’ असे कदापि लिहू नका, नाहीतर पुढचा डॉक्टर चांगले चालणारे औषध बदलून टाकेल. औषधाचे नाव, ब्रँड, बनवणारी कंपनी, बॅच, किती वेळाने काय झाले, आणि ‘संशयित : सनसेट यलो किंवा पोव्हिडोन, सिद्ध नाही’ असे लिहा. खाली कोणत्या कंपनीची गोळी चालते तेही लिहा. चालणाऱ्या औषधांची यादी दुकानात आम्हाला जास्त उपयोगी पडते.

इंटरनेटवर त्याच औषधाचे युरोपातले माहितीपत्रक मिळते आणि त्यात सगळे घटक दिलेले असतात, पण ते तिथल्या त्या कंपनीच्या गोळीचे असतात. आपल्या पट्टीशी ते जुळतीलच असे नाही, म्हणून त्यावर विसंबू नका.

कळवायचे असेल तर गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमार्फत औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम चालतो. त्यांचा निःशुल्क क्रमांक १८००-१८०-३०२४ आहे आणि रुग्णाने स्वतः भरायचा अर्ज मराठीतही मिळतो. कारण सिद्ध झालेले नसले तरी नोंद घेतात, नुसता संशय पुरतो. बॅच क्रमांक आणि उत्पादकाचे नाव अवश्य भरा.

साखळीची_शाळा :

बालरोगतज्ज्ञांशी बोललो. त्यांनी स्पेसरसह पंप लिहून दिला. घरातल्या वडीलधाऱ्यांचे म्हणणे आता असे पडले आहे की एवढी भानगड असेल तर होमिओपॅथी किंवा आयुर्वेदाकडे वळावे, तिथे असले घटक नसतात. यात तथ्य आहे का?

त्वचेपासून_सुरुवात :

दम्याचा पंप बंद करून दुसरीकडे वळू नका, हे आधी सांगते. त्यापलीकडे, होमिओपॅथीच्या बारीक साबुदाण्यासारख्या गोळ्या बहुतेक उसाच्या साखरेच्या असतात, पण चपट्या पांढऱ्या गोळ्या आणि भुकटीच्या पुड्या या जवळजवळ संपूर्ण लॅक्टोजच्याच असतात. आयुर्वेदातली घृते तुपाचीच असतात, काही अवलेहांतही तूप असते, आणि काही कल्प दुधात सिद्ध केलेले असतात. तुपातही दुधाच्या प्रथिनांचा अंश उरू शकतो. वैद्यांना मुलाची ॲलर्जी स्पष्ट सांगा आणि बाटलीवरची घटकांची यादी स्वतः वाचा.

साखळीची_शाळा :

सर्दीसाठी शेजारून आणलेली चपट्या गोळ्यांची बाटली घरात आहे, आजच परत करतो.